मस्कीसाठी घरी घडवलेली आमिषे

मस्की हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मोठा शिकारी मासा. त्याला गळाला लावण्यासाठी हौशी मासेमार लाकूड, धातू, प्राण्यांचे केस आणि रेझिन यांपासून स्वतःच्या हाताने कृत्रिम आमिषे घडवतात, किंवा दुकानातून आणलेल्या आमिषात फेरफार करून ते आपल्या पाण्याला जुळवून घेतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन व न्यूयॉर्क ही राज्ये आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत हे या कारागिरीचे माहेरघर. हिवाळ्यात तलाव गोठले की तिथल्या तळघरांत आणि गॅरेजमध्ये हे काम सुरू होते आणि मासेमारीचा हंगाम उघडेपर्यंत चालते.

मासा आणि त्याची खोड : मस्कीचे पूर्ण नाव मस्केलंज, शास्त्रीय नाव ईसॉक्स मास्किनॉन्गी. पाइक माशांच्या कुलातला हा सर्वांत मोठा. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे या आदिवासी लोकांच्या भाषेतील ‘माश्किनूझे’ या शब्दाशी त्याच्या नावाचा संबंध जोडला जातो आणि त्या शब्दाचा अर्थ ‘कुरूप पाइक’ असा लावतात. १९५५ साली विस्कॉन्सिनने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या ओंडक्याशी किंवा खडकांजवळ तो दबा धरून राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की एका झेपेत धरतो. आपल्याकडच्या मरळीची झडप ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची कल्पना येईल. फरक एवढाच, की मस्की सहज मीटरभर लांबीचा असतो. सकर, सिस्को, पर्च असे मासे हे त्याचे नेहमीचे खाणे, म्हणून त्याच्यासाठीचे आमिषही वीतभर किंवा त्याहून मोठे लागते.

आमिष घडवणाऱ्याला खरा घोर असतो तो मस्कीच्या चोखंदळपणाचा. मस्की आमिषाच्या मागे मागे थेट होडीपर्यंत येतो, हातभर अंतरावर थांबून पाहतो आणि तोंड न लावता खाली निघून जातो. ‘दहा हजार फेकींचा मासा’ हे त्याचे टोपणनाव यातूनच पडले. आमिष होडीपाशी आले की रॉडचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे ते फिरवत राहायचे, ही या मासेमारीतली खास रीतही त्याच खोडीमुळे आली. मागे येऊन परत गेलेला एक मासा माणसाला महिनाभर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसवतो. तो परतला कशामुळे? वेग चुकला, खोली चुकली, की थांबल्यावर आमिष फार लवकर वर आले? या एका प्रश्नाचा पाठपुरावा म्हणजेच ही सगळी कारागिरी.

पूर्वपीठिका : या कलेची सुरुवात आमिषांच्या कारखान्यांपासून धरली जाते, ते बरोबर नाही. विस्कॉन्सिनमधील लाक द्यू फ्लाम्बो येथील ओजिब्वे कारागीर गोठलेल्या तलावाच्या बर्फाला भोक पाडून भाल्याने मासे मारत. मोठा मासा भोकाखाली यावा म्हणून ते लाकडाचा कोरलेला मासा दोरीला बांधून पाण्यात नाचवत. त्याच्या पोटात खाच पाडून वितळलेले शिसे ओतलेले असे, बाजूचे पर पत्र्याचे असत आणि ते वाकवले की लाकडी मासा गोल घिरट्या घाली. त्याला हुक नसे. पण लाकूड तरंगवते, शिसे बुडवते आणि पत्रा दिशा देतो, हे आजच्या आमिषाचे तिन्ही आधार त्यात पुरते हजर आहेत. या कारागिरांचे ऋण मान्य केल्याशिवाय मस्कीच्या आमिषांचा इतिहास सांगूच नये. त्यांची कोरीव कामे आज संग्राहक जपून ठेवतात.

कारखानदारीचे धागेही घरगुती कामातच सापडतात. ज्युलिओ ब्यूएल यांनी १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे पेटंट घेतले. मिशिगनमधील डोवाजियाक गावी जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने लाकडी बेडूक कोरले आणि त्यातूनच पुढे त्यांची आमिषांची कंपनी उभी राहिली. खास मस्कीच्या बाबतीत विस्कॉन्सिनमधील अँटिगोचे फ्रँक सुइक यांचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या लांबट, चपट्या लाकडी आमिषाच्या शेपटीला धातूची एक पट्टी असते. ती खाली वाकवली की झटका देताच आमिष खोल सूर मारते, सरळ केली की उथळ पळते. म्हणजे वापरणाऱ्याने होडीत बसून पकडीने फेरफार करावा, ही सोय त्या आमिषाच्या रचनेतच आहे.

लाकूड, शिसे आणि तोल : घरी आमिष करणारा पहिला निर्णय घेतो तो लाकडाचा. मेपल जड आणि चिवट, सीडर हलके आणि कोरायला सोपे. पॉप्लर, बासवुड आणि पाइनही चालतात. अलीकडे बांधकामातल्या पीव्हीसी प्लास्टिकच्या फळ्या वापरणारे पुष्कळ आहेत, कारण त्या पाणी पीत नाहीत. आकार कापून, कडा गोल करून, घासून झाल्यावर खरे काम सुरू होते ते तोलाचे.

समजा, मेपलच्या अंगाचे घनफळ १२० घन सेंमी. आहे. मेपलची घनता सुमारे ०·७, म्हणजे ते अंग साधारण ८४ ग्रॅमचे. तेवढ्याच घनफळाचे पाणी १२० ग्रॅमचे, म्हणून त्याला तरंगण्यासाठी ३६ ग्रॅमची शिल्लक. हुक, कड्या आणि स्क्रू मिळून २५ ग्रॅम धरले तर पाण्यात त्यांचा भार सुमारे २२ ग्रॅम पडतो. उरले १४. तेव्हा पोटात १५ ग्रॅमच्या आसपास शिसे भरले, की आमिष पाण्यात ना वर येते ना खाली जाते, आहे तिथे लटकून राहते. हेच अंग सीडरचे केले, तर त्याचे वजन जेमतेम ४४ ग्रॅम भरते आणि शिसे लागते पन्नासच्या वर. वरवर पाहता हा तोटा वाटेल, पण तसे नाही. पाठीकडे हलके लाकूड आणि पोटाशी एकवटलेला जड भार असला, की आमिष कलंडले तरी पटकन सरळ होते. ओढताना कुशी झळकवत डुलते. चांगले कारागीर लाकूड निवडतात ते या डुलण्यासाठी.

शिसे किती, याइतकेच ते कुठे, हे महत्त्वाचे. पुढच्या बाजूला भरले तर आमिष नाक खाली घालून बुडते, मागे भरले तर शेपूट लोंबते. चपट्या कुशीचे जे आमिष दोरीच्या हलक्या हिसक्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकते, त्याला पाण्यात आडवे राहणे भाग असते. म्हणून त्यात शिसे दोन ठिकाणी वाटून भरतात. प्रत्यक्ष कृती अशी : हुक आणि कड्या तात्पुरत्या अडकवून आमिष बादलीत किंवा बाथटबमध्ये सोडायचे. ते पोट खाली करून तरंगते का, नाक किती बुडते, बोटाने खाली दाबून सोडले तर किती वेळात वर येते, हे पाहायचे. शिशाचे तुकडे रबर बँडने पोटाला बांधून जागा बदलत राहायच्या आणि जागा ठरली, की मगच ड्रिलने भोक पाडायचे. घाई करून आधी भोक पाडणाऱ्याला पुढे ते बुजवत बसावे लागते. या तासाभराच्या कामात जो कंटाळला, त्याच्या आमिषाला रंग कितीही सुंदर दिला तरी ते पाण्यात मेलेलेच राहते.

शिसे ३२७° से. ला वितळते. वितळवायचे तर मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून; साच्यात पाण्याचा थेंब असेल तर वाफ होऊन शिसे अंगावर उडते. म्हणून पुष्कळ जण तयार गोळ्या किंवा कांड्या भोकात बसवून वर इपॉक्सी (सुकून कडक होणारा चिकटा) भरतात. ते शहाणपणाचे आहे.

हुक अडकवायला डोक्याला कडी असलेले लांब स्टेनलेस स्टीलचे स्क्रू पिळतात, किंवा तोंडापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार घालतात. मऊ लाकडाला अखंड तारच बरी. मोठा मस्की उसळी घेऊन डोके झाडतो तेव्हा स्क्रू उपटला, तर मासा तोंडात हुक घेऊन जातो, आणि ही चूक कारागिराच्या माथी असते. खोल जाणाऱ्या आमिषाच्या तोंडाशी पॉलिकार्बोनेट किंवा धातूची जीभ बसवतात. जीभ अंगाच्या रेषेत पुढे आलेली असली की आमिष खोल जाते. खाली उभी वळलेली असली की उथळ राहते आणि जोरात थरथरते.

तयार आमिषातील फेरफार : सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी फेरफार म्हणजे चाल सरळ करणे. आमिष ओढताना डावीकडे पळत असेल, तर दोरी बांधायची कडी पकडीने किंचित उजवीकडे वाकवायची. किंचित म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी. पाण्याचे तापमान बदलले की तोलही बदलतो. थंड पाणी जास्त घन असते, २५° से. आणि ४° से. या पाण्यांत वरील १२० घन सेंमी. च्या आमिषाच्या उचलीत सुमारे एक तृतीयांश ग्रॅमचा फरक पडतो. आकडा लहान दिसतो, पण अचूक तोललेले आमिष उन्हाळ्यात लटकून राहते आणि शरद ऋतूत वर येऊ लागते, ते यामुळेही. तेव्हा हुकाच्या दांड्याला सोल्डरची तार गुंडाळतात किंवा पोटाला शिशाची चिकटपट्टी लावतात. मस्की बरेचदा आमिष थांबलेले असतानाच घेतो, त्यामुळे दोन वेढ्यांच्या तारेवर दिवस फिरल्याचे अनुभव मासेमार सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

शेपटीला मऊ प्लास्टिकची वळवळती शेपूट किंवा छोटी फिरती पाती लावणे, कमकुवत कड्या बदलणे, उडालेल्या रंगावर पुन्हा हात देणे हेही नेहमीचे. मऊ प्लास्टिकचे आमिष फाटले, तर तापवलेल्या सुरीच्या पात्याने दोन्ही कडा वितळवून जोडतात. ते रंगवलेल्या लाकडी आमिषाला टेकवून ठेवू नये. प्लास्टिकमधले तेलकट द्रव्य रंग विरघळवून टाकते.

केसांची फिरकी : नवशिक्याने सुरुवात करावी ती इथून, कारण यात तोलाची डोकेदुखी नाही. १·३ मिमी. जाडीची स्टेनलेस तार घेऊन तिच्यात पाती, मणी, पितळी नळी आणि शेवटी ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) ओवायचा, दोन्ही टोकांना वळे पिळायचे, की फिरकी तयार. हुकाच्या दांड्यावर हरणाच्या शेपटीचे केस बांधतात. चिमूटभर केस घेऊन त्यांतला बारीक लोकरीसारखा भाग बोटांनी विंचरून काढायचा, बुंधे एका रेषेत कापायचे, दांड्यावर पसरून दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे आणि वेढे पक्के करायला वर ‘सिमेंट’ नावाचा चिकटा लावायचा. एकदम जाड जुडगा बांधला तर मधले केस सुटतात. थोडे थोडे, फिरवत फिरवत बांधावे. गेल्या काही दशकांत केसांऐवजी चमकदार प्लास्टिकच्या झिरमिळ्या आणि एका पात्याऐवजी ‘कोलोरॅडो’ नावाच्या गोलसर आकाराची, दहा क्रमांकाची दोन मोठी पाती यांचे चलन वाढले. ती ओढताना हाताला जड लागतात, पण पाण्यात त्यांचे धडधडणे दूरवर जाते आणि गढूळ पाण्यात किंवा रात्री ते कामी येते.

रंग आणि लेप : लाकूड आधी सीलरने (छिद्रे बुजवणाऱ्या द्रवाने) नीट मुरवून घ्यावे लागते. मस्कीचे दात लेपाला भोके पाडतात, भोकातून पाणी आत जाते, लाकूड फुगते आणि सबंध रंग तडकतो. सीलरनंतर पांढरे अस्तर, त्यावर एअरब्रशने रंग. खवल्यांची नक्षी उमटवण्याची युक्ती मोठी देखणी आहे : आमिषाभोवती बारीक जाळीचे कापड ताणून बसवायचे आणि वरून गडद रंग फवारायचा, जाळी काढली की खवले तयार. शेवटी दोन भागांची इपॉक्सी लावून आमिष सावकाश फिरणाऱ्या चाकावर अडकवतात, नाहीतर इपॉक्सी ओघळून पोटाशी थेंब साचतात. मांस भाजायच्या फिरत्या सळईची मोटर या कामाला पुष्कळांनी लावली आहे. रंगाला मात्र कारागीर देतात तितके महत्त्व मासा देतो असे दिसत नाही. स्वच्छ पाण्यात सिस्को-पर्चसारखी नैसर्गिक छटा आणि गढूळ पाण्यात काळा, नारिंगी असे ठळक रंग, एवढा विवेक पुरतो. चाल आधी, रंग मागून.

हुक आणि माशाचा जीव : पकडलेला मस्की सोडून देण्याचा प्रघात आज सर्वमान्य आहे. मिनेसोटात बहुतेक पाण्यांत ५४ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १३७ सेंमी. पेक्षा लहान मस्की ठेवताच येत नाही. मासा हळू वाढतो आणि विरळ असतो, म्हणून घरगुती आमिषाचा विचार हुकापाशी संपवता येत नाही. तीन ट्रेबल हुकांच्या जागी दोन बसवणे, हुकाच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकणे, किंवा कटरने सहज तुटतील असेच हुक निवडणे हे फेरफार मासा वाचवतात. हुक तोडून मासा पाण्यातल्या पाण्यात मोकळा करायचा आणि आमिषाला नवा हुक लावायचा. हुक कमी केले की शिशाचा हिशेब पुन्हा करावा लागतो, तेवढे कष्ट घ्यावेत. पाणी २७° से. च्या आसपास तापले असेल तर मस्कीच्या मागे जाऊच नये. झुंजीने दमलेला मासा अशा पाण्यात सोडूनही मरतो.

विक्री : स्वतःपुरते आमिष करणाऱ्याला अमेरिकेत कर नाही, पण ते विकू लागताच तो कायद्याने उत्पादक ठरतो आणि त्याला विक्रीच्या किमतीवर १० टक्के केंद्रीय उत्पादनशुल्क भरावे लागते. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार हा पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी वाटला जातो.