चैत्रातला दवणा

दवण्याची काडी हातात आली की डोळ्यांना फारसं काही सापडत नाही. गुडघ्याएवढं झुडूप, बारीक कातरलेली राखाडी-हिरवी पानं आणि इवलेसे पिवळे गोंडे, एवढंच. मग नकळत बोटांत एखादं पान चुरगळतं आणि पिकल्या फळासारखा गोड, मागून किंचित कडू असा वास बोटांवर चढतो. हात धुतल्यावरही तो बराच वेळ रेंगाळतो.

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबरं उधळलं जातं आणि जोतिबाला दवणा वाहिला जातो. जुन्या धर्मग्रंथांत या महिन्यात दमनकोत्सव सांगितला आहे. शुद्ध द्वादशीला विष्णूला दवणा वाहायचा, चतुर्दशीला शंकराला. दवण्यासाठी चैत्रच का, याचं एक उत्तर मला शेतात सापडतं. दवण्याला पावसाळा मानवत नाही. पाऊस सरल्यावर रोपं टाकायची, थंडीच्या कोरड्या हवेत आणि दवात ती वाढू द्यायची, की चारेक महिन्यांत, उन्हाळा लागता लागता, झुडूप फुलावर येतं. त्यात सर्वांत जास्त तेल असतं ते याच वेळी. सण कुणी कसा ठरवला ते राहू द्या, पण देवाच्या पायाशी दवणा येतो तो ऐन भरात असताना.

नावाची गोष्ट तर याहून सुंदर आहे. संस्कृतातला ‘दमनक’ मराठीत येताना ‘दवणा’ झाला. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसाच इथेही ‘म’चा ‘व’ झाला. दमनक म्हणजे दमन करणारा. अग्निपुराणात कथा येते ती अशी: शंकराच्या क्रोधातून एक भैरव जन्मला आणि त्याने देवांनाच नमवलं. तेव्हा शंकराने त्याला शाप दिला, ‘तू झाड हो.’ तो भैरव म्हणजे हा दवणा. एवढ्या नाजूक झाडामागे एवढा उग्र पूर्वज का कल्पिला असेल, हा प्रश्न मला अनेक वर्षं पडत आला आहे. झाडाचं रसायन वाचताना तो थोडा सुटल्यासारखा वाटतो.

दवण्याच्या पानाफुलांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथी म्हणजे तेलाने भरलेली चिमुकली पिशवी. बोट लागलं की ती फुटते आणि आपल्याला वास येतो. झाडाने ही पिशवी आपल्या नाकासाठी बनवलेली नाही. अशा तेलांमुळे पानं कुरतडायला आलेले किडे माघारी फिरतात, बुरशी आणि जिवाणू रोखले जातात. पळून जाणं झाडाला शक्य नसतं, म्हणून ते रसायनांनी लढतं. आपण ज्याला सुगंध म्हणतो, ते त्याचं शस्त्र आहे.

या तेलातला मुख्य रेणू आहे डेव्हनोन. नाव नीट ऐका, त्यात आपला दवणाच आहे! कार्बनचे 15 अणू, हायड्रोजनचे 24 आणि ऑक्सिजनचे 2. पाच-पाच कार्बनचे तीन तुकडे जोडून झाड ही साखळी विणतं. लिंबाच्या सालीच्या वासातला मुख्य रेणू याच पद्धतीने बनतो, पण त्यात दोनच तुकडे, म्हणजे 10 कार्बन असतात. तो हलका असल्यामुळे चटकन उडून जातो. डेव्हनोन जड आहे, सावकाश उडतो, म्हणून वास बोटांवर टिकतो. अत्तरवाल्यांना दवणा हवासा वाटतो तो बराचसा यासाठीच. हे तेल प्रत्येकाच्या त्वचेवर वेगळं दरवळतं, असंही ते सांगतात.

दवणा ज्या कुळातला, त्या आर्टेमिसिया कुळाला नाव ग्रीकांच्या आर्टेमिस देवीवरून मिळालं. या कुळातल्या वनस्पतींवर जगभर माणसांनी जवळपास एकच काम सोपवलेलं दिसतं: वाईटाला हाकलणं. चीनमध्ये पाचव्या चांद्रमहिन्याच्या पाचव्या दिवशी रोगराई आत येऊ नये म्हणून दारावर याच कुळातल्या एका झुडपाच्या फांद्या टांगतात. युरोपात दवण्याचा आणखी एक भाऊबंद पोटातल्या जंतांवर दिला जाई. बायबलमध्ये जगाच्या अंताच्या दृश्यात पाणी कडू करणारा एक तारा कोसळतो, त्यालाही त्याच कडू झाडाचं नाव आहे.

आणि मग येते याच कुळातली चिनी वनस्पती छिंगहाओ. चौथ्या शतकात गे होंग या चिनी वैद्याने लिहून ठेवलं होतं की तापावर ही वनस्पती मूठभर घेऊन पाण्यात भिजवावी, पिळून तो रस प्यावा. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांनी ते वाचलं आणि त्यांच्या मनात आलं, उष्णतेने औषधच नष्ट होत असेल का? त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि 2015 साली थू यूयू यांना नोबेल. आर्टेमिसिनिनचा रेणूही 15 कार्बनचाच. डेव्हनोन आणि आर्टेमिसिनिन एकाच कच्च्या धाग्यातून विणले जातात, पुढे वीण बदलते. दवणा मलेरियाचं औषध नाही, हे मुद्दाम सांगतो. कुळ एक म्हणून गुण एक, असं होत नाही.

देवावरून उतरलेला दवणा लगेच टाकू नका, कागदात गुंडाळून ठेवा. पानं सुकतात, त्यांचा रंग जातो. पण ग्रंथी शाबूत असेपर्यंत तेल आतच असतं. तेल काढणारेही पीक कापल्यावर आधी सावलीत सुकू देतात, मग ऊर्ध्वपातनाला लावतात. काही आठवड्यांनी कागद उघडून एखादं पान चुरगळून पाहा.