पाळत, सरकारी (गोवा)

राज्यसंस्थेने नागरिकांचे टपाल, दूरध्वनी, संदेश किंवा हालचाली त्यांच्या नकळत तपासत राहणे. अशी पाळत चव्हाट्यावर आली की सत्तेवरच्या नेत्यापुढे पेच उभा राहतो : आदेश आपलाच होता हे कबूल करावे, ठाऊकच नव्हते म्हणून हात झटकावेत, की सुरक्षेचे कारण पुढे करून गप्प बसावे? गोव्यात हा पेच मुक्तीनंतरचा आहे. १९६१ पर्यंत येथली पाळत लिस्बनच्या हुकमतीखाली चालत असे आणि तिच्यापायी पणजीत कोणाची खुर्ची जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे भारतीय कायदा आला, निवडून आलेले सरकार आले, आणि सही कोणाची व जबाबदारी कोणाची हा वादही आला.

पोर्तुगीज काळ : २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने पोर्तुगालमधील लोकशाही संपली. त्यानंतरच्या सालाझार राजवटीत छपाईपूर्व तपासणी हा कारभाराचा नित्याचा भाग झाला. गोव्यात वर्तमानपत्राचा मजकूर आधी सेन्सॉरच्या टेबलावर जाई, सभेला परवानगी लागे, आणि लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा मंजुरीशिवाय छापता येत नसे. मुहूर्त आणि यजमानांची नावे यांत सरकारला धोका कसला, असे आज वाटेल. पण छापखान्यातून एकही कागद न विचारता बाहेर पडू नये, हाच त्या व्यवस्थेचा हेतू होता. मराठी पत्रकारांना याची झळ विशेष बसली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये सुरू केलेल्या ‘भारत’ पत्राचा बराच काळ सरकारशी झगडण्यात गेला.

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. त्याच वर्षी गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि त्यांना पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडण्यात आले. पाळतीची कक्षा किती आतवर पोचली होती, हे डॉ. पुंडलिक गायतोंडे यांच्या अटकेवरून दिसते. १९५४ च्या फेब्रुवारीत एका निरोपाच्या मेजवानीत एका वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे विधान केले. गायतोंडे शल्यचिकित्सक, समारंभाला आमंत्रित. त्यांनी आपला निषेध असल्याचे तेवढे सांगितले. ना मिरवणूक, ना पत्रक, ना सभा. तेवढ्यावरून त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवण्यात आले. जेवणाच्या टेबलावरचे बोलणे पोलिसांच्या दप्तरात जाते, हे कळल्यावर गावोगावी माणसे बोलताना आजूबाजूला पाहू लागली तर नवल नाही.

‘पिदे’ ही पोर्तुगालची गुप्त पोलीस यंत्रणा १९४५ मध्ये त्या नावाने उभी राहिली. गोव्यात मात्र लोकांच्या तोंडी नाव राहिले ते कासिमीरो मोंतेरो या पोलीस हस्तकाचे. छळासाठी कुप्रसिद्ध झालेला हा माणूस पुढे पिदेच्या कामावर गेला आणि १९६५ मध्ये विरोधी नेते जनरल उंबेर्तु देल्गादु यांच्या स्पेनमधील खुनात त्याचा हात असल्याचे उघड झाले. पहाऱ्यातूनही वाट काढणारे होतेच. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत सरहद्दीपलीकडच्या रानातून गुप्त नभोवाणी चालवली.

शेवटचे गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्वा यांनी डिसेंबर १९६१ मध्ये अखेरपर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम बाजूला ठेवून शरणागती पत्करली. त्याबद्दल लिस्बनने त्यांना सैन्यातून काढून टाकले. उघडलेल्या पत्रांचा आणि तुरुंगात घातलेल्या माणसांचा जाब मात्र त्यांना त्यांच्या सरकारने कधी विचारला नाही.

कायद्याची चौकट : मुक्तीनंतर भारतीय कायद्यांबरोबर १८८५ चा तार अधिनियमही गोव्यात आला. ब्रिटिशांनी केलेल्या या कायद्याचे कलम ५(२) हे फोन ऐकण्याच्या सरकारी अधिकाराचे मूळ. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ ही त्याची पहिली अट. तीही पुरत नाही. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे, यांपैकी एक कारण आदेशात दाखवावे लागते. कोणता आमदार कोणाच्या संपर्कात आहे, हे यात कुठेच बसत नाही. आपल्याकडचे बहुतेक वाद नेमके तिथूनच सुरू झाले.

३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झाले. तोवर केंद्रशासित प्रदेश म्हणून ‘राज्य शासना’चा हा अधिकार कायद्याच्या भाषेत केंद्राचा होता. घटकराज्य झाल्यावर तो पणजीच्या गृहखात्याकडे आला. या अधिकारापायी मुख्यमंत्र्याची खुर्ची कशी जाते, हे त्यानंतर सव्वा वर्षात शेजारच्या कर्नाटकात दिसले.

हेगडे प्रकरण : रामकृष्ण हेगडे काणकोणला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले, सिद्धापूरचे. १९८३ पासून कर्नाटकचे मुख्यमंत्री, बिगरकाँग्रेस राजकारणातले स्वच्छ नाव, आणि दिल्लीतील पंतप्रधानपदाच्या शर्यतीत अधूनमधून घेतले जाणारे. १९८८ मध्ये त्यांच्या पक्षातील नाराज नेते एच. डी. देवेगौडा आणि अजित सिंग यांच्यातील दूरध्वनी संभाषण वृत्तपत्रांत छापून आले. पाठोपाठ राज्य पोलिसांनी ऐकलेल्या फोनची माहिती बाहेर आली. तिच्यात राजकारणी होते, व्यावसायिक होते, आणि सत्ताधारी पक्षातले असंतुष्टही होते.

या प्रकरणातली खरी मेख टेलिफोनच्या व्यवस्थेत होती. त्या काळी फोन ऐकायचा तर तार टेलिफोन केंद्रातूनच जोडून घ्यावी लागे, आणि टेलिफोन खाते केंद्र सरकारचे. राज्याच्या पोलिसांनी कोणते क्रमांक मागितले, याची नोंद त्यामुळे दिल्लीच्या दप्तरात राही. दिल्लीत राजीव गांधींचे सरकार होते आणि हेगडे त्यांचे राजकीय विरोधक. थोडक्यात, मुख्यमंत्र्याच्या गुपिताची किल्ली प्रतिस्पर्ध्याच्या खिशात होती. ती वापरली गेली. प्रकरण संसदेत गाजले.

हेगडे यांची भूमिका अशी की आपण असे आदेश दिले नव्हते. पण हा बचाव दोन्ही बाजूंनी उलटणारा. ठाऊक असेल तर दोष सरळच. ठाऊक नसेल तर मुख्यमंत्र्याचे पोलीस त्याच्याच सहकाऱ्यांचे फोन ऐकत होते आणि त्याला पत्ताही नव्हता, असा अर्थ निघतो. १९८६ मध्ये दारू बाटलीबंद करण्याच्या ठेक्यावरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले तेव्हाही त्यांनी राजीनामा दिला होता, मग पक्षाच्या आग्रहावरून तो मागे घेतला होता. या वेळी तशी सोय उरली नव्हती. १० ऑगस्ट १९८८ रोजी त्यांनी पद सोडले आणि एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री झाले. बोम्मई सरकारही वर्षभर टिकले नाही.

हेगडे यांच्या राजीनाम्याकडे नैतिकतेचा नमुना म्हणून बोट दाखवले जाते. ते काही अंशी खरे आहे, पण पूर्ण नाही. पाळतीच्या यादीत स्वपक्षाची माणसे सापडल्यावर त्यांना पक्षात टिकून राहणे अवघडच होते. शिवाय त्यांच्या जाण्याने कायद्यातला स्वल्पविरामही बदलला नाही.

दिल्लीतील दोन प्रसंग : राष्ट्रपती झैलसिंग यांच्यापुढचा पेच वेगळा होता. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली. तिने पत्रे अडवण्याची सरकारची मुभा वाढणार होती. झैलसिंग यांनी विधेयकावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. राज्यघटनेच्या १११ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतीला मुदत घातलेली नाही, याचा आधार घेत त्यांनी ते नुसते ठेवून दिले. जुलै १९८७ मध्ये त्यांची कारकीर्द संपली तेव्हाही ते तसेच पडून होते. कायदा कधी झालाच नाही. पाळतीच्या प्रश्नावर भारतात एखाद्या पदाधिकाऱ्याने केलेली ही कदाचित सर्वांत परिणामकारक कृती, आणि ती काहीच न करण्याची होती.

पंतप्रधान चंद्रशेखर यांना असा अवकाश मिळाला नाही. मार्च १९९१ च्या आरंभी राजीव गांधींच्या निवासस्थानाबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन साध्या वेशातले शिपाई पकडले गेले. काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर चंद्रशेखर यांचे अल्पमतातील सरकार उभे होते. पाळतीचा आरोप करीत काँग्रेसने लोकसभेवर बहिष्कार टाकला. मनधरणी करून सरकार वाचवायचे की उठून जायचे, एवढेच त्यांच्या हाती राहिले. ६ मार्चला त्यांनी राजीनामा दिला. दोन शिपायांवरून केंद्र सरकार पडले असे म्हटले जाते; पाठिंबा काढायला निमित्त हवे होते आणि ते मिळाले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

न्यायालयीन निर्बंध : बदल झाला तो न्यायालयातून. राजकारण्यांच्या फोन पाळतीवरचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने याचिका केली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवानेच काढावा, इतर मार्गाने माहिती मिळण्यासारखी आहे का ते आधी पाहावे, आदेशाला मुदत असावी आणि समितीने तो तपासावा. २००७ मध्ये हे तार नियमावलीतील ४१९-अ या नियमात आले : आदेश ६० दिवसांचा, वाढवला तरी १८० दिवसांपलीकडे नाही, आणि राज्यात मुख्य सचिवाच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन समिती. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा दूरसंचार अधिनियम आणि डिसेंबर २०२४ चे नियम यांनी जुन्या तरतुदींची जागा घेतली, पण साचा बहुतांशी तोच राहिला.

फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारी ‘पेगासस’ ही संगणकप्रणाली सरकारने वापरल्याचा आरोप २०२१ मध्ये झाला. त्या प्रकरणाने आणखी एक वाट दाखवली : होय म्हणायचे नाही आणि नाहीही म्हणायचे नाही. केंद्राने सुरक्षेचे कारण देऊन तपशीलवार प्रतिज्ञापत्र टाळले. राष्ट्रीय सुरक्षेचा उच्चार केला की मोकळीक मिळते असे नाही, हे न्यायालयाने त्या ऑक्टोबरमध्ये सुनावले आणि तांत्रिक समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली. ती पेगाससच होती असे ठरले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असेही समितीने नोंदवले. राजकीयदृष्ट्या ही वाट सर्वांत स्वस्त पडली, कारण कोणालाच पद सोडावे लागले नाही.

महाराष्ट्रात नेत्यांचे फोन भलत्याच नावांखाली ऐकल्याच्या आरोपांवरून २०२२ मध्ये पोलीस अधिकाऱ्यावर गुन्हे नोंदले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ते पुढच्या वर्षी रद्द केले.

गोव्यातील विशेष परिस्थिती : गोव्याची विधानसभा ४० आमदारांची. १९९० च्या दशकात मुख्यमंत्रिपद इतक्या वेळा हातोहात फिरले की नावे क्रमाने सांगताना जाणकारही अडखळतात. २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका फटक्यात भाजपमध्ये गेले, २०२२ मध्ये आठ. दोन-चार माणसे इकडची तिकडे झाली की सरकार डळमळते, आणि ती जुळवाजुळव फोनवर होते. आमदारांच्या बोलण्याला इतकी किंमत असलेल्या राज्यात ते ऐकण्याचा मोहही तेवढाच मोठा असणार, हे उघड आहे.

त्यात जबाबदारीची रचना चमत्कारिक. गृहखाते अनेकदा मुख्यमंत्र्यांकडेच असते, म्हणजे विधानसभेत उत्तर त्यांनी द्यायचे. आदेशावर सही गृहसचिवाची. हे सचिव आणि पोलीस महासंचालक अरुणाचल, गोवा, मिझोराम व केंद्रशासित प्रदेश यांच्या सामाईक संवर्गातून (केडर) येतात, आणि त्या संवर्गाची सूत्रे केंद्रीय गृहमंत्रालयाकडे असतात. आज पर्वरीच्या सचिवालयात सही करणारा अधिकारी उद्या दिल्लीत किंवा इटानगरला असू शकतो. पणजी आणि दिल्लीत एकच पक्ष असेल तेव्हा हे कोणाला खुपत नाही. दोन ठिकाणी दोन पक्ष असतील, तर १९८८ साली बंगळुरात जे टेलिफोन केंद्राच्या नोंदवहीमुळे घडले ते येथे संवर्गामुळे घडू शकते.

आमदाराला संशय आला तर तो विशेषाधिकारभंगाची सूचना देऊ शकतो किंवा उच्च न्यायालयाच्या पर्वरीतील खंडपीठात जाऊ शकतो. पण आदेश गोपनीय असतो, ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवण्याची तरतूद नाही, आणि जुने आदेश व नोंदी ठराविक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. पुनर्विलोकन समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव बसतात. विरोधी पक्षाचा किंवा न्यायालयाचा माणूस त्यात नसतो.