गोचीड काढायचा हूक: विडीच्या चटक्यापासून इथवर

कोल्हापूरकडच्या गोठ्यांत म्हशीच्या कासेजवळची, कानामागची गोचीड नखांनी उपटायची आणि शेणीच्या विस्तवात टाकायची, ही जुनी रीत. नाहीच सुटली तर विडीचा चटका नाहीतर रॉकेलचा बोळा. हे काम बहुधा घरातल्या बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या वाट्याला येतं.

गोचिडीतून रोग पसरतो हे १८९३ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी गुरांच्या टेक्सास तापावर काम करताना दाखवलं. माणसाचा धोका आपल्या बाजूला दिसला तो १९५७ मध्ये, कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात, गोचिडीतून माणसाला होणाऱ्या माकडतापाच्या रूपाने. तोच ताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आला. तिलारीचा घाट चढला की चंदगड, म्हणजे आपलाच जिल्हा. २०११ मध्ये गुजरातेत काँगो ताप, गोचिडीतून पसरणारा आणखी एक रोग, आढळला. तो चिरडलेल्या गोचिडीच्या रक्तातूनही लागू शकतो, त्यामुळे नखांवर गोचीड फोडणं मला आता बघवत नाही.

चटक्याचा खरा निकाल १९८५ मध्ये लागला. अमेरिकन संशोधक ग्लेन नीडहॅम यांनी व्हॅसलीन, नेलपॉलिश, स्पिरिट आणि तापलेली काडी लावून पाहिली. गोचिडीने पकड सोडली नाही. तिच्या सोंडेला मागे वळलेले काटे असतात, शिवाय कित्येक जाती लाळेतून सिमेंटसारखा पदार्थ सोडून घट्ट बसतात. कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढणं हेच उपयोगी ठरलं.

त्यासाठी बारीक टोकाचा चिमटा लागतो. भुवयांचा रुंद चिमटा गोचिडीचं पोट दाबतो, आणि दाबलं की आतला द्रव जखमेत जाण्याची भीती. पण बारीक चिमट्याला नजर आणि स्थिर बोटं हवीत. हात थरथरणाऱ्या आजीला ते जमत नाही. तिच्यासाठी पुढे आलेला प्लॅस्टिकचा हूक मला जास्त योग्य वाटतो. खिळे उपटायच्या हातोडीसारखी खाच असते. ती कातडीवरून सरकवून गोचिडीखाली घालायची आणि दांडी बोटांत फिरवत उचलायची. चिमटीत जोर लागत नाही. लहान-मोठे दोन्ही आकार घ्यावेत. अगदी बारीक पिल्लांना मात्र चिमटाच बरा. हातात मोजे, काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत.

म्हशीच्या अंगावर शेकड्यांनी असतील तर हूक पुरणार नाही, तिथे जनावरांच्या डॉक्टरांचं औषधच हवं. कुत्र्याच्या कानातल्या दोन-चार, किंवा रानातून आलेल्या पोराच्या मानेवरची एखादी, एवढ्यासाठी तो देवळीत हाताशी ठेवावा.