सीसीआयकडे मर्जरचा अर्ज: नेमकं अडतं कुठे

गोव्यातल्या वेर्ण्याची फॅक्टरी विकायला काढली की मालक आधी विचारतो, सीसीआयची, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाची, परवानगी लागणार काय? बहुतेकांना नाही लागत. जी कंपनी विकली जातेय तिची भारतातली मालमत्ता 450 कोटींच्या आत किंवा उलाढाल 1250 कोटींच्या आत, दोनातलं एक बसलं तरी सूट. पण 10 सप्टेंबर 2024 पासून डीलच 2000 कोटींच्या वर आणि कंपनीचा भारतातला धंदा भरीव असेल तर ही सूट गेली, आणि डीलच्या किमतीत नॉन-कॉम्पीटचे, म्हणजे विकणाऱ्याने पुन्हा तोच धंदा करू नये म्हणून दिलेले, पैसेसुद्धा धरतात, हे विसरू नका.

सगळ्यात जास्त घोळ 30 दिवसांचा. करार झाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची ही अट 2017 मध्येच गेली, तरी लोकं अजून त्याच धास्तीने अर्धवट फॉर्म ढकलतात आणि तो अपुरा म्हणून परत येतो. आताचे 30 दिवस आयोगाचे, पहिलं मत द्यायला, आणि सगळं मिळून 150, आधी 210 होते. तुमची अट एकच, मंजुरीआधी ताबा घ्यायचा नाही. घेतलात तर दंड उलाढाल, मालमत्ता किंवा डीलच्या किमतीच्या 1 टक्क्यापर्यंत, यातलं जे जास्त ते.

मग तो कागद, जो कुणाकडेच नसतो. बोर्डापुढे डीलबद्दल काय काय ठेवलं त्याच्या प्रती मागतात. घरच्या कंपनीत बाप-लेकांनी जेवताना ठरवलेलं असतं, प्रेझेंटेशन कुठलं आणणार? म्हणून बोलणी सुरू झाल्यापासूनच कागद जपा, मागाहून बनवायला जाऊ नका, खोट्या माहितीचा दंड 5 कोटींपर्यंत आहे.

ग्रीन चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्हीकडचे धंदे एकमेकांशी कुठेच भिडत नसतील तर, अर्ज टाकताच मंजुरी, म्हणून सगळ्यांना तेच हवं. पण विकत घेणाऱ्याचे 10 टक्के शेअर असलेली कुठलीही कंपनी तुमच्याच धंद्यात निघाली, तर ती मंजुरी मुळातूनच रद्द. फंड पैसे घालत असेल तर त्याचे शेअर कुठल्या कुठल्या कंपन्यांत आहेत त्याची पूर्ण यादी लेखी मागा, तोंडी नको.

बाकी फी फॉर्म एकला, म्हणजे छोट्या फॉर्मला, 30 लाख, दोनला, म्हणजे सविस्तर फॉर्मला, 90 लाख.

फॉर्म भरण्याआधी आयोगाच्या अधिकाऱ्यांशी सल्लामसलत करता येते, फुकट, फक्त त्यांचं मत बंधनकारक नाही. आता आयोगाने एफएक्यू काढलेत खरे, पण ते वाचायलाच वकील लागतो, त्यापेक्षा भरलेल्या फॉर्मचा एक नमुना आणि अर्ज कशाकशाने परत जातात त्याची यादी टाकली असती तर निम्मे अर्ज परत गेलेच नसते. तोवर शंका असेल तर करारावर सही व्हायच्या आधीच ही सल्लामसलत मागा.