कबुतरे रुळवणे

कबुतरे रुळवणे : एका ढाबळीत (कबुतरे ठेवण्याच्या घरात) वाढलेल्या आणि तिथून उडण्याची सवय झालेल्या प्रौढ शर्यती कबुतराला दुसरी ढाबळ आपले घर मानायला लावण्याची प्रक्रिया. पिलांच्या बाबतीतही हा शब्द सैलपणे वापरला जातो. मात्र साधारण महिन्याभराचे, नुकते स्वतः दाणे टिपू लागलेले पिल्लू नव्या जागी नेले, तर ती त्याची पहिलीच जागा ठरते. त्याला मोडायला जुनी सवय नसते. ही नोंद त्यामुळे प्रौढ पक्ष्यापुरती आहे. शहरांतल्या कबुतरखान्यांवर उतरणारे अर्धरानटी पारवेही त्याच जातीचे (कोलंबा लिव्हिया) आहेत. पण ते जागा स्वतःच निवडतात, त्यांना कोणी रुळवत नाही.

शर्यतीचे कबुतर, म्हणजे ‘होमर’, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्यतः बेल्जियममध्ये आकाराला आले असे सामान्यतः मानतात. त्याच्या रक्तात नेमके कोणते वाण आहेत याविषयी मतभेद आहेत. स्मर्ल, क्युम्युलेट, ड्रॅगून आणि कॅरियर ही नावे बहुतेक याद्यांत आढळतात. अँटवर्पकडचा भारदस्त पक्षी कॅरियरकडे झुकणारा आणि लिएजकडचा लहानखुरा पक्षी आखूड चोचीच्या आउल वाणाकडे, ही जुनी विभागणी ढोबळमानाने ग्राह्य धरायला हरकत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वाणांच्या नावांपेक्षा निवडीची रीत महत्त्वाची आहे. घरी न परतलेला पक्षी वंशातून आपोआप गळतो. परतलेल्याची वीण होते. दीडशेहून अधिक वर्षे पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड झाल्यामुळे जो गुण शर्यतीत हवा असतो तोच रुळवताना आड येतो. उंच उडणारी किंवा कोलांट्या घेणारी कबुतरे त्यामानाने लवकर जागा बदलतात. होमर बदलत नाही, आणि उत्तम होमर तर मुळीच नाही.

हा हट्ट किती पक्का असतो ते १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात दिसले. पॅरिसमधली कबुतरे फुग्यांतून वेढ्याबाहेर नेण्यात आली आणि तिथून सूक्ष्मछायाचित्रित संदेश घेऊन ती शहरात परतली. उलट दिशेने, म्हणजे पॅरिसहून बाहेरच्या प्रांतांकडे, हीच कबुतरे धाडून चालले नसते. संदेशवहनाचा मार्ग पक्ष्याच्या घराने ठरतो. धाडणाऱ्याच्या इच्छेला तिथे वाव नसतो.

इतिहास : घर हलवून कबुतर टिकवण्याच्या प्रथेचा जुना उल्लेख म्हणून आइन-इ-अकबरीतील ‘इश्कबाजी’च्या, म्हणजे कबुतरबाजीच्या, प्रकरणाकडे बोट दाखवले जाते. ग्रंथकार अबुल फज्लच्या म्हणण्याप्रमाणे अकबराच्या दरबारात वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, त्यांपैकी पाचशे ‘खासा’. बादशाही छावणी हलली की कबुतरांची खुराडी खांद्यावर वाहून नेली जात. पक्षी वाटेत मधूनमधून उतरून विसावत आणि पुन्हा उडत. ब्लोखमानच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १८७३ मध्ये निघाला आणि पुढच्या बहुतेक लेखकांनी हा मजकूर तिथूनच उचललेला दिसतो. त्यावरून काहींनी अकबराच्या छावणीला पहिली ‘फिरती ढाबळ’ म्हटले आहे. हा अर्थ ताणलेला वाटतो. दरबारातले पक्षी चर्ख आणि बाजी, म्हणजे गिरक्या आणि कोलांट्या, यांसाठी पाळलेले होते. शेकडो मैलांवरून घर गाठणे हे त्यांचे काम नव्हते. थव्यात राहणारा, रखवालदाराच्या हाकेला सरावलेला पक्षी खुराड्याबरोबर फिरतो याचे मोठे नवल नाही. होमरला हे जमवायचे तर वेगळे कष्ट लागतात.

ते कष्ट प्रामुख्याने सैन्यांनी घेतले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच आणि ब्रिटिश फौजांकडे घोड्यांच्या गाड्यांवरच्या ढाबळी होत्या. लंडनच्या बी-टाइप बसगाड्यांचे रूपांतरही ढाबळींत केले गेले. गाडी नव्या ठिकाणी उभी केल्यावर पक्ष्यांना काही दिवस आत ठेवून मग थोड्या थोड्या अंतरावरून सोडत. यासाठी शक्यतो कोवळ्या वयाचे, जन्मापासून चाकांवरच वाढलेले पक्षी निवडत. अशा पक्ष्याला ‘घर’ म्हणजे भूमीवरचा ठरावीक बिंदू न राहता विशिष्ट रंगरूपाची गाडी होते, असे स्पष्टीकरण देतात. ते बहुधा अंशतः खरे असावे. गाडी फार दूर हलवली की पक्षी आधीच्या मुक्कामाभोवती घिरट्या घालत, हेही त्याच अनुभवाचा भाग आहे.

शास्त्रीय विवेचन : प्रौढ पक्षी जुने घर ‘विसरतो’ का, हा या विषयातला मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर पक्षी घर कसे शोधतो यावर अवलंबून असल्याने येथे काहीसा विस्तार करणे भाग आहे.

गुस्टाव्ह क्रामरने १९५० च्या दशकात ‘नकाशा व होकायंत्र’ ही मांडणी केली. पक्षी आधी आपण घराच्या कोणत्या बाजूला आहोत हे ठरवतो आणि मग ती दिशा पकडतो. होकायंत्राच्या बाजूविषयी आज फारसा वाद नाही. क्लाउस श्मिट-कोनिगने पक्ष्यांना कृत्रिम उजेडात ठेवून त्यांचे अंतर्गत घड्याळ सहा तासांनी सरकवले, तेव्हा ते साधारण ९० अंशांनी चुकीच्या दिशेला निघाले. म्हणजे सूर्य हे एक होकायंत्र आहे. विल्यम कीटनने १९७१ मध्ये दाखवले की पाठीवर चुंबक बांधलेली अनुभवी कबुतरे उन्हात बिनचूक निघतात, पण ढगाळ दिवशी गोंधळतात. याचा अर्थ सूर्य नसेल तेव्हा चुंबकक्षेत्राचा आधार घेतला जातो. चोचीतल्या लोहयुक्त पेशी हे त्याचे इंद्रिय असावे हा समज बराच काळ प्रचलित होता. २०१२ मध्ये त्या पेशी मज्जातंतूंच्या नसून भक्षकपेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) असल्याचे दाखवण्यात आले.

खरा वाद नकाशाचा आहे. इटलीतील पीसा येथे फ्लोरिआनो पापी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी गंधाचा सिद्धान्त पुढे केला. पक्षी ढाबळीत बसल्या बसल्या कोणत्या वाऱ्याबरोबर कोणता वास येतो हे शिकतो. परक्या ठिकाणी तिथला वास ओळखून आपण घराच्या कोणत्या दिशेला आहोत हे ताडतो. हान्स वालराफचे प्रयोग रुळवणाऱ्याला अधिक उपयोगी आहेत. उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढलेले पक्षी, कधीही मोकळे उडाले नसले तरी, दूरवर सोडल्यावर घराच्या दिशेने निघण्याचा कल दाखवत. भोवती भिंती उभारून वारा अडवलेल्या पिंजऱ्यातले तसे करत नसत. पीसा येथे ढाबळीला तिरप्या फळ्या लावून वाऱ्याची दिशा वळवली, तर पक्षीही वळलेल्या दिशेनेच निघाले. अमेरिकेत कॉर्नेल येथे केलेल्या पडताळणीत या परिणामाचा काही भाग फळ्यांवरून परावर्तित होणाऱ्या उजेडामुळे असल्याचे सुचवले गेले, आणि हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही आन्ना गाल्यार्दो व सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगात गंधाची नस कापलेले पक्षी घर शोधू शकले नाहीत आणि चोचीकडची, चुंबकीय संवेदनेची मानली गेलेली नस कापलेले शोधू शकले. पुराव्याचे पारडे त्यामुळे आज गंधाकडे झुकलेले आहे. घराजवळच्या टप्प्यात मात्र पक्षी डोळ्यांवर भिस्त ठेवतो. रोमच्या परिसरातील २००४ च्या जीपीएस नोंदींत तो महामार्ग व त्यांचे फाटे धरून उडताना आढळला.

पीसाच्याच गटाने २००१ मध्ये असे मांडले की नकाशा शिकण्यासाठी पिसे फुटल्यानंतरचे पहिले काही महिने विशेष संवेदनशील असतात. हे शब्दशः घेतले तर प्रौढाला रुळवणे अशक्यच ठरावे. पण ढाबळी बदललेले पक्षी नव्या घरातून शर्यती उडतात हे पाळणाऱ्यांच्या नित्य पाहण्यात आहे. दोन्ही गोष्टी एकत्र बसवता येतात. लहानपणी मुळीच नकाशा न शिकलेला पक्षी पुढे शिकू शकत नसेल, परंतु एकदा शिकलेला पक्षी दुसरा शिकू शकतो, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. पहिला नकाशा पुसला जात नाही, हेही त्यातून ओघाने येते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की आठ-नऊ किलोमीटरचा शिकलेला मार्ग कबुतरांना तीन-चार वर्षांनंतरही बऱ्याच अंशी आठवतो. चार वर्षे नव्या ढाबळीत नांदलेले कबुतर एके दिवशी जुन्या मालकाच्या छपरावर येऊन बसले, की पाळणारे त्याला नशीब म्हणतात. ती स्मरणशक्ती आहे.

पद्धती : सर्वांत सोपी आणि सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे पक्षी कधीच न सोडणे. विकत घेतलेले मातबर पक्षी विणीसाठी कायम कोंडून ठेवतात आणि त्यांची पिल्ले उडवतात. बेल्जियमचा ‘आर्मांडो’ २०१९ मध्ये साडेबारा लाख युरोंना आणि ‘न्यू किम’ ही मादी २०२० मध्ये सोळा लाख युरोंना चिनी खरेदीदारांकडे गेली, ती या कामासाठीच. एवढ्या किमतीचा पक्षी रुळला की नाही हे उडवून पाहण्याची छाती कोणाची होणार!

उडवायचेच असेल तर पक्षी प्रथम दोन ते चार आठवडे, जिद्दी असेल तर त्याहून अधिक, आत ठेवतात. ढाबळीच्या छपरावर किंवा दारापुढे जाळीचा पिंजरा लावून त्यात त्याला रोज बसवतात. आजूबाजूची छपरे, झाडे आणि आकाश त्याला दिसावे हा पाळणाऱ्यांचा हेतू असतो. वर दिलेल्या प्रयोगांच्या उजेडात वारा लागणे हे दिसण्याइतकेच महत्त्वाचे धरावे लागेल. काचेच्या खिडकीआड बसवलेल्या पक्ष्याला दृश्य मिळते, वारा नाही. आत येता येते पण बाहेर पडता येत नाही अशा लोंबत्या तारांच्या खिडकीतून ये-जा करणेही याच काळात शिकवतात. दाणा मोजून द्यायचा (पूर्ण खुराक दिवसाला साधारण ३० ग्रॅम), तो ठरल्या वेळी, शीळ किंवा डबा वाजवून. करडई किंवा शेंगदाणे हातावर द्यायचे ते फक्त इथेच.

वीण हे सर्वांत खात्रीचे बंधन मानले जाते. नव्या ढाबळीत जोडी लावून अंडी होऊ देतात. दोन अंडी १७-१८ दिवस उबवली जातात. साधारण सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत नर आणि उरलेला वेळ मादी बसते. जोडीतला एक घरट्यावर असताना दुसऱ्याला, उपाशी ठेवून, संध्याकाळच्या सुमारास सोडतात. अंधार जवळ असल्याने तो लांब जात नाही. अंड्यांच्या दुसऱ्या आठवड्यात सोडावे की लहान पिल्ले असताना, यावर दोन पक्ष आहेत. अन्नपिशवीतील ‘दूध’ (तिथे पाझरणारा पिलांचा आहार) पाजण्याच्या दिवसांत आईबापांची घरट्याकडची ओढ अधिक असते, हे पाहता दुसरा पक्ष बरोबर वाटतो. नर मादीचा पाठलाग करत असतो त्या दिवसांत मात्र दोघांपैकी कोणालाही सोडू नये. दोघांना एकदम तर कधीच नाही.

पंख निकामी करण्याच्या रीती जुन्या आहेत. दोऱ्याने पर (पंखातली मोठी पिसे) बांधणे ही भारतीय कबुतरबाजांची नेहमीची रीत. दुसऱ्याच्या थव्यातून उतरवून घेतलेले कबुतर असेच बांधून आपल्या थव्यात हिंडवतात. बांधलेला पंख आलटून पालटून बदलावा लागतो, नाहीतर सांधा आखडतो. पर कातरले तर देठ कातडीत तसाच राहतो आणि नवे पीस वार्षिक पीसझडीतच येते. दहा मुख्य परांची झड आतून बाहेर अशी क्रमाने होत असल्याने त्याला निम्मे वर्ष जाते. उपटलेले पर पाच-सहा आठवड्यांत पुन्हा येतात, पण ते क्रूर आहे आणि नव्या पराची वाढही बिघडू शकते. युरोपात परांना साबण चोळत. पिसाचे धागे चिकटून पक्षी छपरापुरताच उडतो आणि आंघोळीने सगळे सुटते. यांतल्या कोणत्याही युक्तीने पक्षी रुळत नाही. ती केवळ त्याला रुळायला वेळ मिळवून देते.

बाहेरून आणलेला पक्षी आधी काही आठवडे वेगळा ठेवणे (विशेषतः पॅरामिक्सो विषाणू व घशातील ट्रायकोमोनास हा परजीवी यांसाठी) सर्वत्र सांगितले जाते.

भारतात : होमरच्या शर्यती मुख्यतः चेन्नई, बंगळूर व कोलकाता येथे रुजल्या. महाराष्ट्रात उंच व दीर्घकाळ उडवण्याचा नाद अधिक असल्याने रुळवण्याची रीतही पर बांधण्याच्या वळणाची आहे. ओडिशा पोलिसांच्या कबुतरसेवेचा दाखला वेगळा ठरतो. १९४६ मध्ये सैन्याने दिलेल्या दोनशे कबुतरांवर ती कोरापुट येथे सुरू झाली. मुख्यालय पुढे कटकला होते. एकतर्फी संदेश नेणारे, फिरत्या ढाबळीतले आणि ‘बूमरँग’ असे तीन प्रकार तिथे मानत. तिसऱ्या प्रकारच्या पक्ष्याला एका ठिकाणी राहायला आणि दुसऱ्या ठिकाणी खायला शिकवलेले असे, त्यामुळे तो दोहोंत जा-ये करी. १९८२ च्या महापुरात बांकी भागाशी दळणवळण तुटले तेव्हा ही कबुतरे उपयोगी पडली. सेवा २००२ मध्ये बंद झाली आणि काही पक्षी समारंभांत सोडण्यासाठी राखले गेले.