उपयोजित वर्तन विश्लेषण

वर्तन आणि परिस्थिती यांचे नाते प्रयोगाने तपासून, माणसाच्या रोजच्या जगण्यात महत्त्वाचे असलेले वर्तन बदलू पाहणारी ज्ञानशाखा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या प्रशिक्षणामुळे ती सर्वाधिक परिचित झाली.

तिचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांच्या मूलगामी वर्तनवादात आहे. वर्तनवादाचे प्रवर्तक जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मनोव्यापार शास्त्राच्या कक्षेबाहेर ठेवले होते. स्किनर यांनी विचार आणि भावना नाकारल्या नाहीत. त्याही वर्तनच, फक्त त्या एकट्या त्या-त्या व्यक्तीलाच जाणवतात, असे ते मानत. त्यांचा आक्षेप होता तो पोकळ स्पष्टीकरणांना. मूल का रडते? हट्टी आहे म्हणून. हट्टी कशावरून? सारखे रडते म्हणून. अशा उत्तराने कळत काहीच नाही, दोष मात्र मुलाच्या माथी बसतो. वर्तनाला कारणे असतात आणि ती परिस्थितीत शोधता येतात, ही या शाखेची मूळ धारणा होय.

शोध तीन दुव्यांचा असतो : आधी काय घडले, व्यक्तीने काय केले, त्यानंतर काय झाले. ज्या परिणामामुळे वर्तन पुढे वाढते त्याला प्रबलन म्हणतात. गणिताची वही काढली की मुलाच्या पोटात दुखते आणि वही मिटली जाते. पुढे हे दुखणे वाढत गेले, तर ते ऋण प्रबलन. याची शिक्षेशी नेहमी गल्लत होते. शिक्षेने वर्तन घटते, ऋण प्रबलनाने नकोशी गोष्ट टळते आणि वर्तन वाढते. बक्षीस दिले म्हणजे प्रबलन झाले असेही नाही; वर्तन वाढले तरच ते प्रबलन.

१९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ आयलॉन आणि मायकेल यांनी कॅनडातील एका मनोरुग्णालयातले काम प्रसिद्ध केले. परिचारिकांच्या खोलीत सारखी येणारी एक रुग्ण होती. परिचारिकांनी तिच्या येण्याकडे लक्ष देणे थांबवल्यावर तिच्या फेऱ्या कमी झाल्या. माणसे तीच. बदलला तो प्रतिसाद.

१९६८ मध्ये कॅन्सस विद्यापीठातील डोनाल्ड बेअर, मॉन्ट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ले यांनी या शाखेचे सात निकष मांडले. काम माणसाच्या उपयोगाचे, प्रत्यक्ष वर्तनाचे, कारण सिद्ध करणारे, कुणालाही तसेच करून पाहता येईल इतके स्पष्ट लिहिलेले, मूलतत्त्वांशी जोडलेले, डोळ्यांत भरेल इतका फरक पाडणारे आणि टिकाऊ हवे. शेवटचा निकष सर्वांत अवघड. प्रशिक्षकासमोर पाणी मागणारे मूल आजीकडे मागत नसेल, तर शिकवणे अपुरेच राहिले. कारण सिद्ध करण्यासाठी उपाय सुरू करून, थांबवून, पुन्हा सुरू करून पाहतात. मूल स्वतःला इजा करून घेत असेल तेव्हा उपाय थांबवणे गैर ठरते. मग एकेका वर्तनावर टप्प्याटप्प्याने उपाय सुरू करून तुलना केली जाते.

या शाखेचा इतिहास निष्कलंक नाही. मानसशास्त्रज्ञ ओ. इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासात सघन प्रशिक्षण मिळालेल्या १९ पैकी ९ स्वमग्न मुलांची प्रगती लक्षणीय ठरली आणि ही पद्धत गाजली. पण त्यांनीच १९६० च्या दशकात मुलांवर विजेचे धक्केही वापरले होते. अनेक स्वमग्न प्रौढांचा आक्षेप त्याहून खोल आहे : नजरेला नजर देण्याची सक्ती आणि हात फडफडवण्यावर बंदी नेमकी कुणाच्या सोयीसाठी? वुल्फ यांनी १९७८ मध्येच उद्दिष्ट, पद्धत आणि परिणाम संबंधित माणसांना मान्य आहेत का, हे विचारण्याचा आग्रह धरला होता. त्या संबंधित माणसांत मुलाचा क्रम पहिला हवा, आणि बोलता न येणाऱ्या मुलाचे वळवलेले तोंडही नकार म्हणून नोंदले गेले पाहिजे.