दोन रिपोर्ट आणि नळीतला मगज

परभणीत सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आलेल्या माणसाला संध्याकाळी दोन कागद मिळतात. एकावर कोलेस्टेरॉल, दुसऱ्यावर पांढऱ्या पेशी. पहिला हृदयाचा, दुसरा तापाचा, असं आपण धरून चालतो. पण या दोन कागदांची गाठ पडते ती हाडाच्या आत.

अस्थिमज्जा, म्हणजे नळीतला मगज, रोज सुमारे 20 हजार कोटी तांबड्या पेशी घडवते, पांढऱ्या वेगळ्याच. प्रत्येक नव्या पेशीच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागतं. पेशी ते स्वतः बनवते, रक्तातूनही घेते. तेलासारखंच कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात ते प्रथिनांच्या वेष्टणात फिरतं. हीच लिपोप्रोटीन. त्यातलं एलडीएल माल आणून टाकतं. तो पेशीत घेणारा रेणू शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल मिळालं. एचडीएल जादा माल उचलून यकृताकडे नेतं.

मोंढ्यात आवक जोरात आणि उचल बंद, तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं 2010 साली हेच उंदरांच्या मज्जेत दाखवलं. पेशीतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढणारे दोन पंप, एबीसीए1 आणि एबीसीजी1, त्यांनी जनुकातूनच काढून टाकले. ज्यांतून रक्तपेशी घडतात त्या मूळ पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल साचलं, आणि तिथे 'वाढ' असा निरोप झेलणारे रेणू वाढले. निरोप तेवढाच, पण पेशीला तो मोठ्यानं ऐकू येऊ लागला. पेशी भराभर दुभंगल्या, रक्तात पांढऱ्या पेशी चढल्या. एचडीएलचं मुख्य प्रथिन वाढवल्यावर हा जोर ओसरला. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते: एचडीएल नुसती सफाई करत नाही, मज्जेला आवरही घालतं.

हृदयाशी याचा संबंध थेट आहे. वाढलेल्या पांढऱ्या पेशींतल्या मोनोसाइट धमनीच्या भिंतीत शिरतात, कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि तिथेच थर धरतात.

मग एचडीएलचा आकडा औषधानं वाढवावा का? टॉरसेट्रापिबनं तो वाढवला होता. 2006 साली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. कागदावरचा आकडा म्हणजे उचलीचं काम नव्हे.

आवक मात्र कमी करता येते. डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी ते करते. थोडा हातभार तेलाचाही लागतो: करडीच्या तेलात साधारण 70 टक्क्यांवर लिनोलिक आम्ल, म्हणजे एक असंतृप्त स्निग्धाम्ल, असतं, आणि तूप-डालड्याच्या जागी ते वापरलं तर एलडीएल उतरतं. ज्या मराठवाड्यात करडी घराघरांत होती, तिथे आता रानभर सोयाबीन दिसतं. याची मला मनापासून हळहळ वाटते.